पिवळे तळहात : हळदीच्या घरातलं एक प्रकरण

एप्रिल २०२५. मिरजेतल्या ज्या रुग्णालयात मी आहारतज्ज्ञ म्हणून बसते, तिथं माझी खोली जिन्याखाली आहे. दुपारच्या वेळी एक बाई आत आल्या, पाठोपाठ दोन मुलगे, आणि सगळ्यांत शेवटी टोपी हातात धरून त्यांचे मालक. खुर्चीत बसताना बाईंना टेबलाचा आधार घ्यावा लागला. वय ४७. काट्यावर उभं केलं तर वजनही ४७. "वयाएवढंच भरलं की," असं थोरला उगाच बोलून गेला आणि गप्प झाला. नोव्हेंबरच्या कागदावर ५८ किलो लिहिलेलं होतं.

मी त्यांचे हात पाहिले. तळहात पिवळे, पार बोटांच्या पेरांपर्यंत. माझ्याजवळ शिकायला बसलेल्या मुलीनं कावीळ समजून तपासणीचा कागद ओढला. मी डोळ्यांची पापणी खाली ओढून बघितली. डोळे पांढरे स्वच्छ. काविळीत डोळे पिवळे होतात. गाजरातलं कॅरोटीन अंगात साठलं तर तळहात-तळपाय पिवळे होतात, डोळे होत नाहीत.

"रोज गाजर किती?"

"दीड किलोचा रस," धाकटा म्हणाला. आवाजात अभिमान होता.

इतके पिवळे हात घरात कुणालाच खटकले नाहीत? याचं उत्तर मालकांनी दिलं. "आमच्यात हंगामात समद्यांचंच हात पिवळं असत्यात की वो, म्याडम."

वाळवा तालुक्यातलं हळदीचं घर. तीन एकर सेलम जातीची हळद, बाकी ऊस. ओळख पटू नये म्हणून काही बारीकसारीक तपशील मी बदलले आहेत आणि नावं मुद्दामच घेतलेली नाहीत. बाईंना पुढं 'ताई' म्हणते, तिथं मी त्यांना तेच म्हणायचे.

गाठ आणि चार्ट

२०२४ च्या दिवाळीत पहिल्या आंघोळीला उटणं लावताना ताईंच्या हाताला डाव्या स्तनात गाठ लागली. गावाकडच्या मानानं त्या लवकर दवाखान्यात आल्या, हे आधी सांगायला हवं. नोव्हेंबरच्या मध्यावर तुकडा तपासून झाला. गाठ २.६ सेंटिमीटर, सोनोग्राफीत काख मोकळी, हार्मोन रिसेप्टर पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह. म्हणजे बरा व्हायची चांगली आशा असलेला कॅन्सर. आधी शस्त्रक्रिया करू, पुढचं रिपोर्ट बघून ठरवू, असं डॉक्टरांनी सांगितलं. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातली तारीखही दिली.

दारातून बाहेर पडता पडता ताईंनी एकच प्रश्न विचारला. "खायाला काय चालतं?"

"काहीही खा."

डॉक्टरांना म्हणायचं होतं की पथ्यपाण्याचं बंधन नाही, काळजी करू नका. बाहेर साठ-सत्तर माणसं ताटकळत होती. सांगली, कोल्हापूर, साताऱ्याचं आणि थेट कर्नाटकातलं दुखणं १८९४ साली इथं वानलेस साहेबांचा दवाखाना झाल्यापासून मिरजेलाच येतं. त्या गर्दीत दोन शब्दांचं उत्तर मिळालं, याबद्दल मी डॉक्टरांना दोष देत नाही. पण जिचा जन्म चुलीपुढं गेला, दुखणं आलं की कुणाला काय घालायचं हे जी ठरवते, त्या बाईनं त्यातून एवढाच अर्थ घेतला की इथं माझ्या हातात काहीच नाही. ती जागा रिकामी राहिली. आणि अशी जागा फार दिवस रिकामी राहत नसते.

त्याच आठवड्यात नवज्योतसिंग सिद्धूंचा व्हिडिओ सगळ्या फोनवर फिरत होता. पत्नीचा चौथ्या टप्प्यातला कॅन्सर कच्ची हळद, कडुनिंब, लिंबूपाणी आणि साखर बंद या आहारानं गेला, असं ते पत्रकार परिषदेत बोलले होते. दोनच दिवसांत टाटा मेमोरियलच्या आजी-माजी २६२ कॅन्सरतज्ज्ञांनी पत्रक काढलं: या गोष्टींनी कॅन्सर बरा होतो याला दर्जेदार पुरावा नाही, सिद्ध उपचार लांबवू नका. सिद्धूंच्या पत्नीची शस्त्रक्रिया आणि केमोही झाली होती, आणि पुढं त्यांनीही हा आहार उपचाराला मदत म्हणून होता असा खुलासा केला. व्हिडिओ गावात पोचला. पत्रक आणि खुलासा पोचला नाही. शिवाय हळदीच्या गावात हळदीची बातमी! पारावर दुसरा विषय नव्हता.

मग मामांनी, म्हणजे ताईंच्या भावानं, जिल्ह्याबाहेरच्या एका निसर्गोपचार केंद्राचा पत्ता आणला. दोन महिन्यांचे ८५ हजार. तिथून लॅमिनेट केलेला एक चार्ट मिळाला, वरच्या कोपऱ्यात धन्वंतरीचं चित्र. पहाटे गव्हांकुराचा रस. मग तासातासाला गाजर-बिटाचा रस, दिवसाला दहा ग्लास. सोडा घातलेलं लिंबूपाणी. एक दिवसाआड कॉफीचा एनिमा. दुपारी कच्च्या भाज्या. बंद गोष्टींची यादी वेगळी: दूध, दही, ताक, डाळी, अंडी, शेंगदाणे, मीठ, गूळ, तेल, भाकरी, शिजवलेलं काहीही. प्रथिनांनी गाठ वाढते, असं खाली लाल अक्षरांत.

तो चार्ट माझ्या टेबलावर ठेवून धाकटा म्हणाला, "हे आपलं पारंपरिक आहे म्याडम. ऋषिमुनींचं."

मला हसू आवरावं लागलं. दिवसभर रस, बिनमिठाचं जेवण आणि कॉफीचा एनिमा, ही पद्धत माक्स गेर्सन या जर्मन डॉक्टरची. आधी तो अर्धशिशीवर पथ्य देत असे, मग क्षयावर, मग कॅन्सरवर. १९३६ साली तो अमेरिकेत गेला. तिथल्या राष्ट्रीय कॅन्सर संस्थेनं १९४७ मध्ये त्याचे १० आणि १९५९ मध्ये ५० रुग्ण तपासून पाहिले, फायदा झाल्याचं दिसलं नाही. गव्हांकुराचा रस बोस्टनच्या अ‍ॅन विगमोर बाईंनी जगभर नेला. म्हणजे धन्वंतरीच्या चित्राखाली अर्धी जर्मनी आणि अर्धं बोस्टन. बंद केलेल्या यादीत मात्र भाकरी, ताक, पिठलं, शेंगदाण्याची चटणी, हुलग्याचं माडगं. देशी काय असेल ते एवढंच होतं, आणि देशीच्या नावाखाली नेमकं तेच ताटातून काढून घेतलं होतं.

पाच महिने

शस्त्रक्रियेला कुणीच 'नको' म्हटलं नव्हतं. आधी 'हेही करू' असं ठरलं. मग 'दोन महिने आधी हे करून बघू, गाठ विरघळली तर कापायचं कशाला' झालं. ही घसरण माझ्या ओळखीची आहे. अमेरिकेत २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, नेहमीच्या उपचारांसोबत पूरक म्हणून आणखी काही घेणाऱ्यांपैकी ३४ टक्क्यांनी केमो नाकारली होती. तसं काही न घेणाऱ्यांत हे प्रमाण ३ टक्के होतं. 'सोबत'चं 'ऐवजी' कधी होतं हे घरात कुणालाच कळत नाही, कारण तसा निर्णय कुणी घेतलेलाच नसतो.

जानेवारीत वजन सहा किलो उतरलं. केंद्रावाले म्हणाले, विष बाहेर पडतंय. फेब्रुवारीत पायात गोळे यायला लागले, उठलं की डोळ्यांपुढं अंधारी. विष बाहेर पडतंय. अंगावरची चरबी गेल्यानं गाठ हाताला आणखी स्पष्ट लागायला लागली, तर म्हणाले, "बघा, सुटून वर यायला लागली." जे काही होईल ते बरं होण्याचंच लक्षण, अशी सगळी मांडणी होती. अशा मांडणीत चुकीला जागाच नसते. म्हणून सावध व्हायलाही जागा नसते.

मार्च संपता संपता काखेत दुसरी गाठ लागली. ती ताईंनी आठ दिवस कुणाला सांगितली नाही. हळद शिजवायची घाई होती, आणि "धाकट्याला वाईट वाटंल" हे दुसरं कारण. शेवटी थोरल्यानं गाडी काढली.

एप्रिलचे कागद असे होते. गाठ ३.९ सेंटिमीटर. काखेतल्या गाठीतून सुईनं घेतलेल्या नमुन्यात कॅन्सरच्या पेशी. हाडं, यकृत, फुप्फुसं साफ, हे नशीब. हिमोग्लोबिन ९.१, अल्ब्युमिन ३.०, पोटॅशियम २.९, तिन्ही कमी. पायांतले गोळे त्या पोटॅशियमचे. एनिमा आणि सोड्याचं लिंबूपाणी, दुसरं काय होणार. डॉक्टरांच्या बैठकीत ठरलं की आता आधी केमो, मग शस्त्रक्रिया. पण या अंगावर केमो चढवता येणार नाही; दोन आठवडे आधी पोसा. म्हणून ताई माझ्या जिन्याखाली आल्या. कॅन्सरचं निदान झाल्यावर पाच महिन्यांनी त्या पहिल्यांदा आहारतज्ज्ञाला भेटत होत्या. आमच्याकडं तोवर तशी पद्धतच नव्हती. वजन उतरलं की पाठवायचं, हीच पद्धत.

वाद

पहिल्या भेटीत मी चुकले. बारा-पंधरा मिनिटांत चार्टमधली एकेक ओळ खोडून काढली. सगळं बरोबर बोलले आणि सगळं वाया गेलं. धाकट्यानं हातातली वही मिटून पिशवीत घातली. दुसऱ्या दिवशी थोरल्याचा फोन आला. "म्याडम, तो म्हंतोय, ह्या बी त्यांच्यातल्याच."

तीन दिवसांनी पुन्हा बोलावलं. या वेळी मी म्हटलं, आज मी काही सांगणार नाही, तू वही दाखव.

दोनशे पानी वही. रोजचं एक पान. कोणता रस किती वाजता, झोप किती, तोंडाला चव होती का. प्रत्येक पानावर लघवी तपासायच्या कागदी पट्टीचा तुकडा चिकटपट्टीनं डकवलेला, पिवळ्याकडून हिरव्याकडं सरकत गेलेला. पुण्यातली नोकरी घरून करायची परवानगी काढून हा पोरगा पाच महिने पहाटे चारला उठून गाजरं सोलत होता. वजनाचा रकाना २० जानेवारीपर्यंत भरलेला, पुढं कोरा. "आकडा बघून आई घाबरायची." इतकी निगुतीची नोंद मला आमच्या वॉर्डातसुद्धा क्वचित दिसते. चुकीच्या मार्गानं गेलेली माया होती ती. तिला मूर्खपणा म्हणण्याचा उद्धटपणा मी पहिल्या दिवशी केला होता.

मग वहीतूनच बोलायला लागलो.

पट्टी हिरवी झाली म्हणजे शरीर अल्कधर्मी झालं आणि अशा शरीरात कॅन्सर जगत नाही, असं त्याला सांगितलं होतं. मी म्हटलं, रक्ताचा सामू ७.३५ ते ७.४५ मध्येच राहतो. फुप्फुसं आणि मूत्रपिंडं तो तिथून हलू देत नाहीत, हलला तर माणूस अतिदक्षता विभागात असतो. तू पाजलेला सोडा मूत्रपिंडांनी उचलून बाहेर टाकला, त्याची पावती या पट्टीवर आहे. पावती खरी आहे. माल गाठीपर्यंत गेलाच नाही.

साखरेचा मुद्दा त्यानं जास्त अभ्यासानं मांडला. ऑटो वॉरबर्गचं नाव त्याला माहीत होतं, नोबेलही. वॉरबर्गला १९३१ चं नोबेल मिळालं ते पेशींच्या श्वसनातल्या विकरावरच्या कामासाठी. पण कॅन्सरच्या पेशी ग्लुकोज अधाशासारखं ओढतात हे त्याचं निरीक्षण खरंच आहे, पेट स्कॅन त्याच्याच जोरावर चालतो. मग साखर तोडली की गाठ उपाशी मरेल, हे साहजिक वाटतं. मी ताईंचा रिपोर्ट पुढं केला. पाच महिने गूळ नाही, भाकरी नाही, भात नाही, आणि उपाशीपोटी साखर ८४. आली कुठून? यकृतानं बनवली, स्नायू मोडून मिळालेल्या मालातून. मी ताईंचा परकर घोट्यावरून जरा वर करायला सांगितला. पोटरी माझ्या मनगटासारखी झाली होती. गाठ उपाशी राहिली नव्हती, पाय उपाशी राहिले होते.

धाकटा बराच वेळ पोटरीकडं बघत होता.

मग तो म्हणाला, "पण केमो केमिकलच ना? निसर्गातलं काय वाईट?"

अंगणात सदाफुली आहे का, मी विचारलं. आहे, तुळशीपाशीच. सदाफुलीतून व्हिन्क्रिस्टिन आणि व्हिनब्लास्टिन निघतात, दोन्ही केमोची औषधं. तुझ्या आईला शेवटच्या टप्प्यात जे पॅक्लिटॅक्सेल देणार आहेत, ते पहिल्यांदा सापडलं एका झाडाच्या सालीत, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या यू वृक्षाच्या. भांडण निसर्ग आणि रसायन असं नाहीच. एका बाजूला मोजलेला डोस आहे, दुसऱ्या बाजूला न मोजलेला. यावर मामा (ते त्या दिवशी आले होते) म्हणाले, मग सदाफुलीची पानंच चावून खाल्ली तर? सांगायचं तात्पर्य, उदाहरण देताना जपून द्यावं. ती पानं विषारी आहेत, हे मला तीन वेळा बजावावं लागलं.

मामांकडं एक हुकमी पान होतं. त्यांच्या ओळखीचा इस्लामपूरकडचा एक गृहस्थ गव्हांकुरावर बरा झाला, सहा वर्षं ठणठणीत आहे. मी म्हटलं, लावा फोन. लावला. गृहस्थ मोकळे होते, सगळं सांगितलं. आतड्याचा कॅन्सर, कोल्हापुरात शस्त्रक्रिया, सहा महिने केमो. ते संपल्यावर गव्हांकुर सुरू केला, तो आजतागायत. मामा फोन ठेवून म्हणाले, "ऑपरेशनचं ह्यो कदी बोललाच न्हाई." बोलत नाहीतच कुणी. शस्त्रक्रिया आपल्यावर दुसऱ्यानं केलेली असते. रस आपण स्वतः काढलेला असतो.

हळदीवर मला काही बोलावंच लागलं नाही. इतका वेळ भिंतीला टेकून बसलेले मालक बोलले. "माझी आई कॅन्सरनं गेली. तोंडाच्या. सत्तर वर्सं हळदीत काढली तिनं. बोचक्यात हळद, पेवात हळद, नाकातोंडात हळद. हळदीनं जाणार असता तर आमच्या घरात आला कशाला असता?" पूर्वी यांची हळद हरिपूरच्या पेवांत, म्हणजे जमिनीतल्या खोल खड्ड्यांत, असायची, २००५ च्या पुरानंतर ते सुटलं. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा गावात पेढे वाटलेला माणूस हा. त्याच्या तोंडून आलेलं हे वाक्य कुठल्याही पत्रकापेक्षा जड होतं.

एवढं झालं तरी धाकट्याचा शेवटचा मुद्दा उरला होता आणि तो खरा होता. "केमोनं माणूस खंगतो, हे तरी मानता?" मानते. उलट्या होतात, केस जातात, तोंड येतं, बोटं बधिर पडतात, कधी कधी तापानं जिवावर बेततं. त्याच्या मित्राचे वडील केमो चालू असताना गेले होते आणि ते त्यानं जवळून पाहिलं होतं. यातलं काही मी कमी करून सांगितलं नाही. फक्त ताईंना बाहेर चहाला पाठवून त्याला एक आकडा दिला, जो मी रुग्णापुढं कधी काढत नाही. अमेरिकेतल्या २८१ रुग्णांचा २०१८ मधलाच अभ्यास. कॅन्सर दूरवर पसरलेला नव्हता, तरी त्यांनी नेहमीचे उपचार नाकारून फक्त पर्यायी उपचार घेतले होते. उपचार घेणाऱ्या तशाच रुग्णांशी तुलना केली तर स्तनाच्या कॅन्सरमध्ये त्यांचा मृत्यूचा धोका पाचपटीहून अधिक निघाला. तो हळू आवाजात म्हणाला, "पाच महिन्यांचं काय?" शस्त्रक्रिया दर चार आठवडे लांबली की मृत्यूचा धोका ६ ते ८ टक्क्यांनी वाढतो, असं २०२० च्या एका मोठ्या आढाव्यात आहे. मी तेही सांगितलं. सांगायला नको होतं का, हे अजून मला ठरवता आलेलं नाही.

ताई चहा घेऊन परत आल्या तेव्हा आम्ही सगळे गप्प होतो. त्या म्हणाल्या, "तुमचं झालं असंल तर मला भाकरी कदी मिळंल तेवढं सांगा."

ताट

भाकरी लगेच पोटभर देता येत नव्हती. इतके महिने उपाशी असलेल्या अंगावर एकदम अन्न पडलं की रक्तातलं फॉस्फरस आणि पोटॅशियम झपाट्यानं घसरतं, हृदय अडचणीत येऊ शकतं. म्हणून भरती करून पहिले चार दिवस निम्मंच खाणं, थायमिन, पोटॅशियम, रोज रक्त तपासणी. पहिल्या सकाळी अर्धी वाटी हुलग्याचं माडगं, वर तुपाची धार. ताईंनी वाटी बोटानं पुसून चाटली.

पाचव्या दिवसापासून हिशेब पुरता केला. अशा रुग्णाला किलोमागं रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं लागतात. ताईंना साधारण ६० ते ७०. डबाबंद पावडर परवडणार नव्हती आणि तिची गरजही नव्हती. दोन अंडी, तेरा ग्रॅम. दोन ज्वारीच्या भाकरी, पंधरा. घट्ट वरण, अकरा. मूठभर शेंगदाणे, चटणी किंवा लाडू कसेही, दहा. दूध, दही, ताक मिळून चारशे मिलिलिटर, तेरा. पिठलं, सहा. बेरीज अडुसष्ट. हे सगळं घरात, नाहीतर शेजारच्या घरात होतं. धाकट्यानं तीच वही उलटी करून मागच्या पानापासून नवी नोंद सुरू केली. वजनाच्या रकान्यासकट.

त्याचं सगळंच मी उडवून लावलं नाही. फरसाण, कोल्ड्रिंक, बाहेरचं तळलेलं त्यानं घरातून बंद केलं होतं. ते तसंच राहू दे म्हटलं. भाजीतली हळद चालू. कच्चा रस मात्र केमो संपेपर्यंत बंद, गच्चीवरच्या ट्रेमधला गव्हांकुरही. पांढऱ्या पेशी उतरलेल्या असताना मातीतले जंतू आणि बुरशी अंगाशी येतात. १००.४ फॅरनहाइटच्या वर ताप गेला तर रात्र असो, पहाट असो, निघून यायचं.

एक गोष्ट मात्र माझ्याही नजरेतून सुटली होती. आमच्या फॉर्मवर 'तंबाखू : नाही' असं लिहिलेलं. दुसऱ्या आठवड्यात ताईंनी कनवटीची डबी काढून सहज बोट फिरवलं तेव्हा मी बघितलं. मिश्री. सासूनं लावलेली सवय, तव्यावर तंबाखू भाजून घरीच कुटलेली, दिवसातून तीनदा. "तंबाखू खाता का, असं इच्यारलं हुतं त्यांनी. मी कुटं खातो?" सासू तोंडाच्या कॅन्सरनं गेलेल्या घरात! निसर्गोपचाराच्या चार्टवर दूध, मीठ, डाळ, शेंगदाणे सगळं बंद, मिश्रीचं नाव नाही. आमच्या फॉर्मवरही नाही. ती सुटायला भाकरी सुरू व्हायला लागला त्याच्या दसपट वेळ लागला. आता आमच्या फॉर्मवर मिश्रीचा वेगळा रकाना आहे. माझ्या अक्षरात, पेननं.

पुढं

मे महिन्यात केमो सुरू झाली, वजन ४९.५ वर आल्यावर. आधी चार वेळा लाल रंगाचं औषध, मग दर आठवड्याला पॅक्लिटॅक्सेल. दुसऱ्या खेपेनंतर ताप आला, तीन दिवस भरती. मामांनी फोनवर "बघा, मी म्हणत नव्हतो?" म्हणून घेतलं. बाकी नेहमीसारखं, म्हणजे वाईट पण निभण्यासारखं.

जूनमध्ये धाकट्यानं मला एक बातमी पाठवली, खाली लिहिलेलं: "हे तरी मानता का?" आतड्याच्या कॅन्सरचे ८८९ रुग्ण, शस्त्रक्रिया आणि केमो संपल्यावर त्यातल्या निम्म्यांना तीन वर्षं आखून दिलेला व्यायाम. पाच वर्षांनी कॅन्सर न उलटता जिवंत असलेले व्यायामवाल्यांत ८०.३ टक्के, दुसऱ्या गटात ७३.९. मानते, मी कळवलं, आनंदानं मानते. जीवनशैलीनं फरक पडतो हे एखाद्या औषधाइतक्या काटेकोरपणे मोजून दाखवलेलं आहे. आतड्याचं गणित स्तनाला जसंच्या तसं लागू होत नाही, आणि हा व्यायाम शस्त्रक्रियेनंतर होता, तिच्या जागी नव्हता, एवढं लक्षात ठेव. त्या दिवसापासून माय-लेक संध्याकाळी बांधावरून चालायला लागले. दमलेल्या दिवशी विहिरीपर्यंत, बऱ्या दिवशी ओढ्यापर्यंत.

दिवाळी उलटल्यावर शस्त्रक्रिया झाली. स्तनात ९ मिलिमीटरची गाठ शिल्लक होती, काखेतल्या १४ पैकी दोन ग्रंथींत कॅन्सर. डिसेंबरमधल्या त्या पहिल्या तारखेला शस्त्रक्रिया झाली असती तर काख मोकळी निघाली असती का, हे धाकट्यानं डॉक्टरांना सरळ विचारलं. डॉक्टर म्हणाले, "सांगता येणार नाही." तो जिन्याखाली माझ्याकडं येऊन पाच मिनिटं बसला, काही बोलला नाही, पाणी पिऊन गेला.

रेडिएशनसोबतच टॅमॉक्सिफेन ही हार्मोनचा परिणाम रोखणारी गोळी सुरू करायचं ठरलं. हे कळल्यावर पुण्याच्या आत्यांनी कर्क्युमिनच्या, म्हणजे हळदीतल्या पिवळ्या द्रव्याच्या, कॅप्सूल पाठवल्या, मिरीचा अर्क घातलेल्या. मिरीमुळं कर्क्युमिन रक्तात जास्त शिरतं, म्हणूनच ती घालतात. आणि तीच इथं अडचण आहे. नेदरलँड्समध्ये २०१९ साली टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या १६ बायकांवर हे तपासलं गेलं. कर्क्युमिननं गोळीचा शरीरात तयार होणारा सक्रिय अंश, एंडॉक्सिफेन, कमी झाला. मिरीचा अर्क जोडीला दिल्यावर आणखी कमी. कालवणातल्या चिमूटभर हळदीचा याच्याशी संबंध नाही. डबा परत पाठवा म्हटलं. मालक म्हणाले, "आमच्याच हळदीचं आमाला साताटशे रुपयाला इकतंय व्हय कोण?"

फेब्रुवारीत रेडिएशनच्या मधल्या तपासणीला ताई एकट्या आल्या, एसटीनं. वजन ५४. बसताना हात टेबलावर ठेवले तर तळहात पुन्हा पिवळे. माझा हात आपोआप त्यांच्या पापणीकडं गेला. त्यांनी मान मागं घेतली. "गाजार न्हाई वो. हळद शिजवतोय घरात, काहिली लागलीया."

काखेच्या शस्त्रक्रियेनंतर डाव्या हातानं ओझं किती उचलायचं, काहिलीच्या वाफेपासून रेडिएशनची कातडी कशी जपायची, हे बोलून झालं. उठता उठता दारात थांबून त्यांनी विचारलं, "शिवरात्रीचा उपास धरू का?"

धरा म्हटलं. पण साबुदाण्यावर भागवायचं नाही. वरीचा भात, शेंगदाण्याची आमटी घट्ट, रताळं, आणि दोन्ही वेळेला दूध. त्यांनी पिशवीतून वही काढली, धाकट्याचीच, आणि ते मला लिहून द्यायला लावलं.